लावणी म्हणायचं कशाला?

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याहून चौफुल्याच्या रस्त्याला लागलं आणि भीमेवरचा पूल ओलांडला की दौंड तालुका सुरू होतो. पुढे पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुला. तिथली कला केंद्रं म्हणजे संगीत बारीचं जुनं ठाणं. न्हावऱ्याच्या वायव्येला, जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. ढोलकी फडाच्या तमाशाची ती पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. आणि आमच्याच शिरूर तालुक्यात कवठे येमाई आहे. बशीर मोमीन कवठेकरांनी तिथे राहून फडांसाठी आयुष्यभर लावण्या, गण-गौळणी आणि वग लिहिले.

या तिन्ही गावांत लावणी हा रोजचा शब्द आहे, पण त्याचा अर्थ एक नाही. चौफुल्याला लावणी म्हणजे समोर बसलेल्या बाईने पेटी-तबल्यावर स्वतः गायलेलं आणि अदेने दाखवलेलं गाणं. नारायणगावला ती ढोलकीच्या तोड्यावर उभी राहणारी, वगाच्या आधी फड पेटवणारी चीज. कवठ्यात ती आधी कागदावरची रचना, मग बाकी सगळं. गेल्या काही वर्षांत चौथा अर्थ आला आहे: नऊवारी किंवा तसली साडी, नथ, मोठे स्पीकर, ध्वनिमुद्रित गाणं आणि त्यावरचा नाच. गावच्या यात्रा कमिटीत कुणी ‘यंदा लावणी ठेवू’ म्हटलं की पाच जणांच्या डोळ्यांपुढे पाच कार्यक्रम उभे राहतात. म्हातारी माणसं म्हणतात, ही लावणीच नव्हे. पोरं म्हणतात, मग तुमची कुठं मिळते ते सांगा. दोन्ही बाजूंचं म्हणणं मनापासूनचं असतं, म्हणून हा प्रश्न नीट तपासावासा वाटतो.

सगळ्यात जुनं उत्तर रचनेचं. माधव जूलियनांच्या ‘छंदोरचना’पासून अभ्यासकांनी लावणीकडे छंदाच्या अंगाने पाहिलं. बहुतेक लावण्या आठ मात्रांच्या आवर्तनात बसतात, यमकं ठसठशीत असतात आणि शेवटी शाहिराचं नाव गुंफलेलं असतं. म. वा. धोंडांनी ‘मऱ्हाटी लावणी’ या पुस्तकात तिला साहित्यप्रकार म्हणून मानाने वागवलं. पेशवाईतले रामजोशी, अनंत फंदी, परशराम, प्रभाकर, होनाजी बाळा आणि सगनभाऊ हे शाहीर मराठी कवितेच्या इतिहासात पक्के बसले ते रचनेच्याच जोरावर.

पण ही कसोटी पुरत नाही. पहिलं कारण असं की रचनेच्या पोटात शृंगाराइतकंच दुसरंही खूप आहे. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर बसून रात्रभर जी भेदिक लावणी गात, तिच्यात शिव श्रेष्ठ की शक्ती, ब्रह्म मोठं की माया, असली कोडी असत. कलगीची बाजू शक्तीची, तुऱ्याची शिवाची. ही लावणी बसून गायची, नाचाचा तिथे संबंध नाही. शृंगार हाच लावणीचा प्राण असं आज जे सहज बोललं जातं, ते या परंपरेपुढे टिकत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पेशवाईतसुद्धा लिहिणारा आणि सादर करणारा एक नव्हता. होनाजी शिलारखाने गवळी घराण्यातले. ते रचायचे आणि बाळा करंजकर गायचे. फडावर नाचणारा बहुधा पोरगा असे, बाईच्या वेशातला नाच्या. बाईने फडावर उभं राहणं ही नंतरची गोष्ट. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची जोडी गाजली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात. बापूराव (1866-1945) मूळचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. पवळा संगमनेरकडच्या हिवरगावची, महार समाजातली. तेव्हा खरी लावणी म्हणजे बाईचीच, हे मत ज्यांना सनातन वाटतं त्यांनी होनाजीचा फड डोळ्यांपुढे आणावा. आज पुरुष कलाकार नऊवारी नेसून लावणी करतात तेव्हा काहींना ते नवं फॅड वाटतं. खरं तर ते या कलेच्या फार जुन्या घरात परत आले आहेत.

जातीधर्माच्या बाबतीतही तेच. जेजुरीचे सगनभाऊ मुसलमान, शिकलगार. त्यांच्या आणि होनाजीच्या फडांची चढाओढ प्रसिद्ध आहे. कवठ्याचे मोमीनही मुसलमान. 2018 चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला आणि 2021 मध्ये ते गेले. हुंडा, एड्स असे विषय त्यांनी वगांत आणि गाण्यांत आणले. घोड-भीमेच्या या पट्ट्यात लावणी लिहिणाऱ्याची जात-धर्म कुणी कधी कसोटी म्हणून लावल्याचं मी ऐकलेलं नाही. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईला मात्र ती कायम लावली गेली.

आता दुसरं उत्तर, बाजाचं. चौफुल्याची माणसं ते ठामपणे देतात. संगीत बारी आणि ढोलकी फड यांतला फरक बाहेरच्याला चटकन कळत नाही. फडाच्या तमाशाला ठरलेला क्रम आहे: गण, गौळण, मग रंगबाजी, शेवटी वग. कृष्ण-पेंद्या आणि मावशी, सोंगाड्याची बतावणी, सुरत्यांची झील, हलगी आणि तुणतुणं हा सगळा पसारा कनातीत मांडायचा. संगीत बारीत वग नाही, सोंगाड्या नाही. बायकांच्या पार्ट्या असतात आणि थिएटरात प्रत्येक पार्टीची पाळी येते, तीच बारी. पुण्याचं आर्यभूषण आणि लालबागचं हनुमान ही अशा थिएटरांची मोठी नावं. मंचावरची बारी संपली की आतल्या खोलीत बैठक. तिथे श्रोते फर्माईश करतात, दौलतजादा होते.

या बैठकीतली लावणी एकदा तरी जवळून पाहायला हवी. गाणारी बसलेली असते. ध्रुपदाची ओळ ती एकदा साधी म्हणते, सूर ऐकवण्यापुरती. मग तीच ओळ परत. या वेळी नजर दाराकडे, म्हणजे तो अजून आलेला नाही. तिसऱ्यांदा नजर स्वतःच्या हातातल्या बांगड्यांवर आणि आवाज थोडा आत ओढलेला. आता त्याच शब्दांत रुसवा आहे. चौथ्यांदा ती समोरच्या एखाद्या म्हाताऱ्या श्रोत्याकडे पाहून तीच ओळ तक्रार म्हणून मांडते आणि सगळी बैठक हसते. शब्द एकही बदललेला नसतो. तबलजी आणि पेटीवाला तिच्या तोंडाकडे बघत असतात, कारण ती कुठे थांबेल हे आधी ठरलेलं नसतं. पंढरपूरच्या सत्यभामाबाईंनी आणि वाईच्या यमुनाबाईंनी हा बाज पराकोटीला नेला. यमुनाबाई वाईकरांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. शंभरी पार करून 2018 मध्ये त्यांनी देह ठेवला. विलंबित लयीतली, विरहाची बालेघाटी लावणी अशा गळ्यांतून ऐकली की ठुमरीच्या शेजारी बसणारं हे गाणं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

फडाचं सौंदर्य वेगळ्या ठिकाणी आहे. तिथे ढोलकी मागे बसून साथ करत नाही, ती बोलते. एका अंगाला शाईची कडक पुडी, दुसऱ्या अंगाला धुमेचा घुमारा. कडवं संपलं की ढोलकीवाला पुढे येऊन तोडा टाकतो, नाचणारी चाळांनी त्याला उत्तर देते, तो लय चढवतो आणि हा सवाल-जवाब कुणी एकाने सम गाठेपर्यंत चालतो. विठाबाई नारायणगावकर (1935-2002) या रणांगणाच्या राणी. भर तमाशात प्रसूती होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती हिमतीची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण मला त्यात पोटासाठी थांबता न येणारी बाई आधी दिसते.

चौफुल्याचे जाणकार फडाच्या लावणीला आदळआपट म्हणतात आणि फडाचे लोक बैठकीला चार माणसांची कला म्हणतात. माझ्या मते दोन्ही बाज खरे, आणि एकाच्या मापाने दुसऱ्याला नापास करणं चूक.

या घरगुती भांडणात तिसरा पक्ष आला, सिनेमा. ‘लोकशाहीर राम जोशी’ 1947 चा. 1959 मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजला 131 आठवडे चालला. 1972 च्या ‘पिंजरा’त जगदीश खेबुडकरांचे शब्द, राम कदमांचं संगीत आणि उषा मंगेशकरांचा आवाज होता. पडद्यावर नाचणारी एक, गाणारी दुसरी आणि मागे वाद्यवृंद. तमाशातल्या जुन्या मंडळींच्या हिशेबाने यातलं काहीच मूळचं नव्हतं. पण आज अस्सल लावणीचं उदाहरण द्यायला सांगितलं तर दहातले आठ जण याच चित्रपटांतली गाणी सांगतील. 2010 च्या ‘नटरंग’ची गाणीही त्याच वाटेने चालली आहेत. आजची पोरं तीच जुनी म्हणून सांगू लागली आहेत.

सुलोचना चव्हाण तर या सगळ्या वादातलं सर्वांत अवघड उदाहरण. 1933 मध्ये मुंबईत जन्म, तमाशाचं घराणं नाही, फडावर पाय ठेवलेला नाही. त्या नाचल्या नाहीत. डोक्यावरून पदर घेऊन स्थिर उभं राहून गायल्या. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं आणि महाराष्ट्राने ते एकमुखाने मान्य केलं. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. शब्द कसा फेकायचा, कुठल्या अक्षरावर वजन द्यायचं, हे पती श्यामराव चव्हाणांनी घोटून घेतलं असं त्या सांगत. म्हणजे नाच नसलेलं, बैठक नसलेलं, फड नसलेलं गाणं लावणी ठरलं, आणि रास्तच ठरलं. मग आजचा डीजेवाला विचारतो की नाचाविना गाणं चालतं, तर गाण्याविना नाच का चालत नाही? प्रश्न टाळण्यासारखा नाही.

असली भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं नाही. इंग्लंडात 1969 साली किंग क्रिमसन या बँडची पहिली तबकडी आली आणि प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचा पंथ रूढ झाला. लांबलचक रचना, विषम ताल, मेलोट्रॉनसारखी वाद्यं. तेव्हापासून त्याचे रसिक एकाच गोष्टीवर तावातावाने भांडत आले आहेत: प्रोग्रेसिव्ह म्हणजे तो ठरावीक आवाज, की सतत पुढे जाण्याची वृत्ती? सत्तरच्या दशकातला आवाज हुबेहूब काढणारे नंतरचे बँड पंथात सहज बसतात, आणि खरोखर नवी वाट शोधणाऱ्यांना दारात थांबावं लागतं. लावणीतही नथ, नऊवारी आणि अंबाडा यांची नक्कल केली की प्रवेश मिळतो. स्पेनमध्ये 1922 साली ग्रानादा शहरात संगीतकार मान्युएल द फाया आणि कवी लोर्का यांनी फ्लामेंकोचं शुद्ध गाणं वाचवायला स्पर्धा भरवली, आणि धंदेवाईक गायकांनाच तिच्याबाहेर ठेवलं. शुद्धीचा आग्रह धरणारे नेहमी पोटासाठी गाणाऱ्यांपासून सुरुवात करतात, हे त्यातलं लक्षात घेण्याजोगं.

आपल्याकडे शुद्धीची मोहीम सरकारी होती. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि पुढे संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली. त्याच सुमारास लोकनाट्य हे नाव पांढरपेशा रंगमंचावर चढलं. त्याला अण्णा भाऊ साठ्यांची वेगळी वाट कारण होती. लाल बावटा कलापथकात त्यांनी गण श्रमिकांकडे वळवला, गौळण काढली आणि तमाशाचं हत्यार कामगारांच्या हाती दिलं. ते बंड होतं. नंतरच्या अनेकांनी मात्र लोकनाट्य हा शब्द घेतला तो तमाशाच्या बाईपासून अंतर राखण्यासाठी.

या अंतराचा अभ्यास गेल्या काही दशकांत चांगला झाला आहे आणि लावणीवर बोलणाऱ्याने तो टाळू नये. शर्मिला रेगे यांनी 2002 मध्ये लावणी आणि पोवाड्यावर लिहिताना या कलेमागचं जातीचं आणि बाईच्या श्रमाचं गणित उघड केलं. पुण्यात वाढलेल्या आणि आता अमेरिकेत शिकवणाऱ्या शैलजा पाईक यांचं 2022 चं पुस्तक तमाशातल्या दलित बायकांवर अश्लीलतेचा शिक्का कसा बसवला गेला आणि त्या माणुसकीसाठी कशा झगडल्या, हे दाखवतं. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ आमच्या पिढीने वाचलं ते अंगावर काटा घेऊन. भूषण कोरगावकरांच्या ‘संगीत बारी’ने आणि सावित्री मेधातुल यांच्याबरोबर त्यांनी उभ्या केलेल्या रंगमंचीय प्रयोगाने थिएटरातल्या बायकांना त्यांच्या नावानिशी शहरी प्रेक्षकांसमोर आणलं. हे सगळं वाचल्यावर ‘ही खरी लावणी नव्हे’ हे वाक्य उच्चारताना जीभ जरा अडखळली पाहिजे. आज जिच्यावर गहजब होतो तिच्या जागी काल विठाबाई होत्या.

2022-23 मध्ये ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाचणाऱ्या गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवरून जो वाद पेटला, त्यात हेच झालं. ज्येष्ठ कलावंतांनी आक्षेप घेतले, पुढाऱ्यांनी मतं दिली, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. त्यातलं बहुतेक बोलणं हावभाव सभ्य की असभ्य यावर झालं. ही कसोटी मला सगळ्यांत कच्ची वाटते. शृंगाराचं सोवळं-ओवळं ठरवू लागलो तर पेशवाईतल्या निम्म्या लावण्या फेकून द्याव्या लागतील. बोलायला हवं होतं ते दुसऱ्याच गोष्टीवर: गाणं कोण म्हणतंय?

इथे मी माझं माप सांगतो. शब्द जिवंत असला पाहिजे. बाई बसून गावो, पुरुष उभं राहून गावो, नाचणारी आणि गाणारी वेगळी असो, कुणी अजिबात न नाचो. पण तो शब्द त्या घटकेला कुणाच्या तरी गळ्यातून निघाला पाहिजे आणि समोरच्या माणसाकडे बघून त्याचा अर्थ बदलण्याची मुभा त्या गळ्याला असली पाहिजे. सुलोचनाबाई या मापात बसतात, कारण सगळा नाच त्यांनी शब्दफेकीत आणला होता. ध्वनिमुद्रित गाण्यावरचा नाच बसत नाही. तिथे ओळ प्रत्येक वेळी तशीच येते आणि ढोलकीचा तोडा आधीच संपलेला असतो, उत्तर द्यायला जागाच नाही. त्या नाचाला मी वाईट म्हणत नाही. त्याला त्याचं वेगळं नाव असावं आणि करणारीला पूर्ण मान आणि पूर्ण पैसा मिळावा. रोज ध्वनिमुद्रणावर नाचणाऱ्या कित्येक मुलींना बैठकीतली लावणी येते. विचारणारा कुणी नसतो म्हणून ती गळ्यात राहते.

मग ती विचारली का जात नाही? याचं उत्तर रसिकांच्या अभिरुचीत कमी आणि व्यवहारात जास्त आहे. आमच्या भागातल्या यात्रेचा जुना क्रम असा: देवाचा छबिना, रात्री तमाशा, सकाळी त्याच फडाच्या गाण्यांच्या हजेऱ्या, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. वग पहाटेपर्यंत चाले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आली, सवलत मिळाली तरी ती मध्यरात्रीपर्यंतची, आणि वगाचा गळा आवळला गेला. गण-गौळण उरकायची, वग तोंडी लावण्यापुरता, उरलेला वेळ गाण्यांचा, असं कापलं गेलं. मोठं बिऱ्हाड, वाद्यवाले आणि ट्रक घेऊन फिरणाऱ्या फडाला जे परवडत नाही, ते दोन स्पीकर आणि चार मुलींना परवडतं. त्यात 2020 आणि 2021 चे यात्रांचे हंगाम करोनाने बुडाले. कांताबाई सातारकर 2021 मध्ये त्याच साथीत गेल्या. बोर्डावर पुरुषी भूमिका गाजवणारी ती बाई होती. ढोलकीवाले ऊसतोडीला आणि रंगकामाला लागले. थांबलेला हात पुन्हा त्या तयारीवर यायला वेळ लागतो.

चांगलंही घडलं आहे. अकलूजच्या लावणी स्पर्धेने संगीत बारीच्या पार्ट्यांना अभिमानाने उभं राहायला मंच दिला. सुरेखा पुणेकरांच्या ‘नटरंगी नार’ने नाट्यगृहाची दारं उघडली आणि तिथे बायका तिकीट काढून आल्या. ही दुसरी गोष्ट मला फार मोठी वाटते. गावात तमाशा शेकडो वर्षं झाला, पण गावातल्या बायकांनी तो चोरून, माडीवरून किंवा अंधारातून पाहिला. बाईच्या मनातलं सांगणारी ही कला बाईने समोर बसून ऐकायची सोय गावाने केलीच नाही. अर्धा श्रोता वजा करून आपण लावणीचं माप ठरवत राहिलो.

म्हणून यात्रा कमिट्यांपुढे एक साधी सूचना ठेवतो. रात्री जे ठेवायचं ते ठेवा. पण सुपारीच्या कागदावर एक तास जिवंत लावणीचा लिहून घ्या, त्याचे पैसे वेगळे द्या आणि तो तास रात्री न ठेवता सकाळच्या हजेरीच्या वेळी देवळासमोरच्या मांडवात ठेवा. स्पीकर लागणार नाही. चौफुल्याहून एखादी पार्टी बोलवा: एक गाणारी, पेटी, तबला, ढोलकी. पुढच्या रांगा गावातल्या बायकांना द्या, म्हाताऱ्यांना कडेला खुर्च्या टाका. गाणाऱ्या बाईचं पूर्ण नाव पत्रिकेत कुस्तीच्या पैलवानांइतक्याच मोठ्या अक्षरात छापा. मोमीनांच्या दोन रचना तिला आधी पाठवून ठेवा, म्हणजे तालुक्यातल्या माणसाने लिहिलेलं तालुक्याच्या कानांवर पडेल.